मी आपलं ठेवलंय

खुर्चीच्या हातावरचं प्लास्टिक आईने नखाने सोलायला घेतलं, तसा लेकीने तिचा हात धरून खाली ठेवला.

"नव्या कोऱ्या खुर्च्या आणि प्लास्टिक तसंच," आई पुटपुटली. "आत घाम धरतो. कापड कुजतं."

"कुजू दे. तू शांत बस."

"आणि शिलाई बघ. दोऱ्याला ताणच नाही."

जन्मभर लोकांचे कपडे शिवून आणि उसवून दोन पोरं वाढवलेली बाई ती. घर जायची वेळ आली तरी तिची नजर आधी शिवणीवर जाणार. लेकीला मात्र खुर्चीच्या पाठीवरची चिकटपट्टी दिसत होती. 'जप्त मालमत्ता निधीतून खरेदी.' तीच पट्टी टेबलावर होती, भिंतीवरच्या एसीवर होती, समोरच्या लॅपटॉपवरही होती. नशेचा माल विकणाऱ्यांची घरं, गाड्या, दागिने जप्त करून विकायचे, पैसा खात्याच्या निधीत भरायचा आणि निधीतून खात्याने हवं ते घ्यायचं, असा तो कारभार. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कोणाचा हात आखडतो? पण सगळा पैसा खुर्च्यांतच जातो म्हणावं, तर तेही खोटं. व्यसन सोडवायचं केंद्र त्याच निधीवर चालत होतं. लेक सरकारी दवाखान्यात नर्स होती, आणि केंद्रात जागा नाही म्हणून तिच्या वॉर्डात जमिनीवर थरथरत पडलेली पोरं ती रोज बघायची. त्यामुळे तिला निधीवर धड चिडताही येत नव्हतं.

आज त्या निधीला त्यांचं घर हवं होतं. निधीचे साहेब कोपऱ्यात बसलेच होते, मांडीवर नकाशाची गुंडाळी घेऊन. बायकांसाठी वेगळं केंद्र काढायचं होतं आणि घर दवाखान्याजवळ, बैठं, हवेशीर. त्यांच्या मनात भरलं होतं. गेल्या आठवड्यात ते टेप घेऊन खोल्या मोजायला आले, तेव्हा आईने टेपचं दुसरं टोक धरलं होतं आणि वर चहाही दिला होता. लेकीने त्यावरून तिला रात्री चांगलंच फैलावर घेतलं.

"काय म्हणायचंय?" तिने आता हळूच विचारलं.

"मला माहीत नव्हतं."

"आणि खोकं?"

"औषधाचं वाटलं. औषधांच्या गोदामात कामाला होता तो, मला काय सोन्याचं वाटणार? अगं, खरंच वाटलं होतं. त्यात पाठ काय करायचंय?"

छान, लेकीच्या मनात आलं. अगदी असंच म्हणाली पाहिजे. धाकटा भाऊ गोळ्यांच्या प्रकरणात आत गेल्यापासून आई हे एकच वाक्य सांगत आली होती, आणि लेकीचा त्यावर एक दिवसही विश्वास बसला नव्हता. ज्या घरात आईला कळल्याशिवाय सुई हलत नाही, तिथे कपाटातलं खोकं तिला कळलं नाही? पण आई निभावून नेत होती, आणि लेकीला तिचं मनातून कौतुकच वाटत होतं. तिने स्वतः तर शपथेवर लिहून दिलं होतं की मुलाच्या धंद्याची आम्हा दोघींना काहीही कल्पना नव्हती.

सुनावणी अधिकारी आले. दमलेला, सभ्य माणूस. त्यांनी बसल्या बसल्या नियम सोप्या शब्दांत सांगून टाकला.

"बाई, घर तुमच्या नावावर आहे. मुलगा घरातून काय करत होता हे तुम्हाला माहीत नव्हतं असं दिसलं, तर घर तुमचं. माहीत होतं असं दिसलं, तर निधीचं. तिसरं काही नाही."

"समजलं साहेब," आई म्हणाली.

सरकारी वकिलांनी फार वेळ घेतला नाही. मुलाच्या फोनवरचं बोलणं पोलिसांनी अटकेआधी महिनाभर ऐकलं होतं. त्यातला एक टाइप केलेला कागद त्यांनी वाचला. मुलगा विचारतो, खोकं कुठे आहे? आई सांगते, मी आपलं ठेवलंय कपाटात.

"आपलं," वकील म्हणाले. "तुझं नाही म्हणाल्या, 'आपलं'. म्हणजे दोघांचं. माल सामाईक होता, साहेब. याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?"

लेक चटकन उभी राहिली. अशा सुनावणीला सरकार आपल्याला वकील देत नाही, म्हणून तीच बोलणार होती. पण एवढा सोपा चेंडू येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"साहेब, त्या 'आपलं'चा अर्थ तसा नाही. मी आपलं ठेवलं म्हणजे सहज ठेवलं. पायात येत होतं, उचललं, ठेवलं. आई प्रत्येक वाक्यात आपलं म्हणते."

"मी कुठे म्हणते गं?" आई दुखावली. "उगाच काहीतरी. मी आपली गप्प बसलेय."

अधिकारी हसले. निधीचे साहेबही हसले, मग नकाशाकडे बघून गंभीर झाले.

"आज म्हणतीलच," वकील म्हणाले. "शिकवून आणलंय. तेव्हाही अशीच सवय होती हे कशावरून?"

"तेव्हाचं सगळं तुमच्याकडेच आहे ना?" लेक म्हणाली. "तुमच्या कारकुनाने एकच फोन टाइप केलाय. आईच्या फोनवरून भावाला गेलेले बाकीचे लावा. पाच मिनिटं ऐका. प्रत्येकात तुम्हाला आपलं सापडेल."

वकिलांनी खांदे उडवले. अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि कारकुनाने लॅपटॉप पुढे ओढला.

बंद खोलीत आईचा आवाज घुमू लागला. मी आपलं विचारलं, जेवलास का. नाही रे, बसलेय आपली खिडकीशी. वरचं छप्पर गळतंय, मी आपली बादली लावलीय. काही काम नाही, आपला केला फोन. अधिकारी आता मोकळेपणी हसत होते. "माझी आईसुद्धा," ते म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. सरकारी वकील पेनाचं टोपण लावत काढत होते. आई स्वतःचा आवाज ऐकून लाजली होती आणि खाली बघून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

घर वाचलं, लेकीला वाटलं. ती पाठ टेकून बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्या आवाजातला भाबडेपणा ऐकता ऐकता तिला आणखी एक गोष्ट लख्ख कळली होती. हे नाटक नव्हतं. या बाईला खरंच काही माहीत नव्हतं. इतके महिने आपण हिला खोटारडी समजत आलो, आणि ही साधं खरं सांगत होती.

"पुढचा लावू?" कारकुनाने विचारलं.

"लावा," अधिकारी म्हणाले.

छप्पर. बादली. लेकीला आठवलं. छपराचं काम निघालं त्या आठवड्यात तिचा फोन फुटला होता, आणि आई झोपलेली असताना तिच्या उशाचा फोन घेऊन तिने भावाला एकदा, एकदाच, फोन केला होता. ती विसरून गेली होती. आपल्याच हाताने धोंडा उचलून पायावर घ्यावा, तसं तिने हे सगळं ऐकायला मागितलं होतं.

"साहेब, एवढं पुरे झालं ना," ती म्हणाली. पण आवाज सुरू झाला होता.

"छपराचे पैसे पोचले?" धाकट्याचा आवाज.

"पोचले. गवंड्याला दिले पण. एवढे आणलेस कुठून?"

"आणले. तुला काय करायचंय?"

"मला सगळं कळतं हं. गोदामात इतका पगार कोणी देत नाही. त्या गोळ्यांचेच आहेत ना?"

मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज.

"मग परत पाठवतेस का?"

"नाही. पण घरात काही आणून ठेवू नकोस."

फोन बंद झाला. कारकुनाने पुढचा लावला नाही.

माय-लेकींचा आवाज फोनवर सारखाच येई. गिऱ्हाइकं नेहमी फसत. ब्लाउजाचं माप लेकीलाच सांगून मोकळी होत. इथे तर फोनही आईचाच होता. पण अख्ख्या बोलण्यात 'आपलं' एकदाही आलं नव्हतं. सरकारी वकिलांच्या ते लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी त्यांनी बोलून दाखवलं नसतं. त्यांचं काम झालं होतं.

अधिकाऱ्यांच्या मात्र कपाळावर आठी होती. त्यांनी आईकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. लेकीचे दोन्ही हात खुर्चीच्या प्लास्टिकवर घट्ट दाबलेले होते.

"हा आवाज कोणाचा?" त्यांनी विचारलं. "नीट ऐकून सांगा. आईचा असेल, तर घराचा प्रश्न मिटला. आणि मुलीचा असेल, तर घर आईला मिळेल, पण मुलीने खोटी शपथ घेतली असं होईल. सरकारी नोकरीत आहात ना तुम्ही? नोकरी तर जाईलच, खटलाही होईल."

लेकीला बोलायचं होतं. तिने तोंड उघडलंही. पण बोलायच्या आधी तिला आई दिसली. आई तिच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता. छपराचे पैसे लेकीने पगारातून घातले म्हणून आईने चार शेजारणींना अभिमानाने सांगितलं होतं. ते सगळं आता तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू पुसलं जात होतं, आणि ते बघवत नव्हतं. आईने हात पुढे करून लेकीच्या बाहीवरचा एक सुटा दोरा काढला, बोटांत गोल केला आणि पिशवीत टाकला.

"माझा," ती म्हणाली.

"काय?"

"आवाज माझा आहे. फोन माझा, आवाज माझा."

"बाई, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"कळतो की. घर जाईल."

"आई," लेक म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस." आईचा स्वर इतका कडक लेकीने लहानपणानंतर ऐकला नव्हता. "तुला यातलं काही माहीत नाही."

सरकारी वकील भराभर लिहीत होते. अधिकारी पेन हातात धरून बसून राहिले. दुपारपर्यंत अजून बऱ्याच सुनावण्या व्हायच्या होत्या आणि बाहेर माणसं ताटकळत होती, पण त्यांना घाई नव्हती. निधीच्या साहेबांनी अवघडून नकाशाची गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"यांच्याकडेच येणार ना घर?" आईने त्यांच्याकडे बोट करून विचारलं. ती खुर्ची सरकवून त्यांच्याकडे वळली.

अधिकारी पुढे झुकले. "ताई," त्यांनी लेकीला विचारलं, "मला तुमच्याही तोंडून ऐकायचंय. घाई करू नका. हा आवाज आईचाच ना?"

आई तिकडे बघतच नव्हती. ती निधीच्या साहेबांना मोरीतल्या नळाबद्दल सांगत होती. त्याचे आटे गेलेत. जोरात फिरवला तर उलट जास्त ठिबकतो, अलगद बंद करायचा. नवीन माणसाला सुरुवातीला जमत नाही, पण सवय होते.

लेक आईचं सांगून होईपर्यंत थांबली.

"हो," ती म्हणाली.