व्हरांड्यातला कॉम्प्युटर

निनादचा प्रोग्रॅम पहिल्याच झटक्यात चालला आणि उत्तरही बरोबर आलं. पण तसं काही घडलंच नाही असं समजू या, कारण जर्नलवर सरांची सही नाही.

१९८९ साली पनवेलच्या त्या कॉलेजात फिजिक्सच्या पोरांसाठी एकच कॉम्प्युटर होता, तोही खोळ घालून कुलपात. किल्ली प्राचार्यांच्या खिशात आणि प्राचार्य अलिबागला मीटिंगला. जर्नल द्यायचा आज शेवटचा दिवस. मग निनादने प्रोग्रॅम व्हरांड्यातच चालवला. वर्गातला सत्यजीत कागदावरून एकेक ओळ वाचणार, वर्गातलीच चारुता लॉग टेबल बघून आकडेमोड करणार.

"पेंड्युलमची लांबी एक मीटर. पुढे?"

"थांब रे, विचार करतेय."

"कॉम्प्युटर विचार करत नाही, बाई."

"म्हणूनच त्याला कुलूप लावलंय. हं, दोन सेकंदांना एक झोका."

आपण कागदावर लिहिलेलं दुसऱ्याच्या डोक्यातून फिरून खरं होऊन परत येतं, हे निनादला पहिल्यांदाच दिसलं. त्याने उत्तर जर्नलात उतरवलं आणि ते सहीसाठी सरांपुढे ठेवलं.

"उत्तर कॉम्प्युटरचंच लागतं," सर म्हणाले. "त्याशिवाय सही नाही, आणि सही नाही तर परीक्षा नाही."

निनादने तिथल्या तिथे अर्ज लिहिला: 'सत्यजीत व चारुता यांची कॉम्प्युटर म्हणून महाविद्यालयाच्या यंत्रसामग्रीच्या डेडस्टॉक रजिस्टरात आजच्या तारखेने नोंद व्हावी, ही नम्र विनंती.'