वर्गाला मिळून एकच आत्या

भावी डॉक्टरांना अवयवदानाबद्दल काय कळतं आणि काय वाटतं, हे शोधायचा विडा क्रांतीनं उचलला होता. कोडोलीची पोरगी, एमबीबीएसचं तिसरं वर्ष. पाहणी चांगली झाली तर श्यामला मॅडम तिला पुण्याच्या परिषदेत पाठवणार होत्या. तिनं तासाच्या आधी बाकांवर प्रश्नावल्या वाटल्या आणि "नाव लिहू नका, मनातलं लिहा," असं दोनदा बजावलं.

पण या वर्गाला कागद दिसला की मान आपोआप शार्दूलच्या बाकाकडे वळते. पहिल्या वर्षापासून सगळे त्याच्याच जिवावर पास होत आलेले. आता मनातलंसुद्धा त्याच्याच कागदावरून उतरवावं, याला काय म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी श्यामला मॅडमनी गठ्ठा टेबलावर आपटला.

"मेंदू मृत झालेला माणूस पुन्हा उठू शकतो का? साठ जण लिहितात, 'कधीकधी'. हे उद्या पेशंट तपासणार! आणि घरात अवयवदानाला कोणाचा विरोध आहे? पंचेचाळीस जणांच्या धाकट्या आत्याचा. म्हणे, पुढच्या जन्मी डोळे मिळणार नाहीत. क्रांती, तुमच्या वर्गाला मिळून एकच आत्या आहे का गं?"

क्रांतीनं मान खाली घातली. त्यातला एक कागद तिचाही होता. आकडा वाढावा म्हणून घाईघाईत तिनंही भरला होता आणि शार्दूल तर शेजारीच बसला होता. तिच्या वडिलांना तीन भाऊ, बहीण एकही नाही.

"उद्यापर्यंत खरी उत्तरं आण, नाहीतर पुण्याला दुसरं कुणी जाईल. आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून कर."

व्हरांड्यात येऊन तिनं घरी फोन लावला. आबा भडकणार, याची तिला खात्री होती. घरात अवयवदानाला कोणाचा विरोध आहे, हे तिनं एका दमात विचारलं.

"अगं, म्या आन् तुज्या आयनं मागल्या सालीच फारम भरलाय की!" तिचे वडील बाळासो फोनवरही शेतात हाक मारल्यासारखे बोलत.

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुजी परीक्षा हुती न्हवं. पर एक हाय बग. फारम भरला तरी येळ आली की घरच्यांस्नी पुन्हा इचारत्यात म्हनं. तुजी आय तवा रडत बसंल. मंजी तुलाच इचारनार. व्हय म्हनशील न्हवं?"

क्रांतीनं तोंड उघडलं. अख्ख्या वर्गाला प्रश्न विचारून आलेली पोरगी, पण आबांचा हसरा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तिला हुंदका आवरेना.

"आबा, मला न्हाई जमायचं."

पलीकडे म्हैस ओरडली.

"मग शिक की. डाक्टर हुयाला घातलंय न्हवं तुला?" बाळासोंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "म्या काय आजच चाललो न्हाय. धारा काढायच्यात अजून."

आणि त्यांनी फोन ठेवला.