अकरा लग्नं, आठ टायर

"हात लावू नका काका, अजून ओलं हाय," हनुमान म्हणाला.

त्रिंबकने पुढे केलेलं बोट मागे घेतलं आणि आपला हात लावायचा विचारच नव्हता असं दाखवत ते कानात घातलं. टायर खरोखरच ओला दिसत होता. नुसता काळा नाही, तर आत्ताच विहिरीतून काढल्यासारखा काळाभोर. त्यात वाहेदच्या पत्र्याच्या शेडचं प्रतिबिंब दिसत होतं. सकाळचे साडेसातच वाजले होते आणि त्रिंबकने अजून चहाही घेतला नव्हता.

केजच्या बाहेर वाहेदच्या वॉशिंग सेंटरवर दोन पांढऱ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही आबासाहेबांच्या. जुनी त्रिंबक चालवायचा, नवी हनुमान. आबासाहेब एकेकाळी झेडपीचे मेंबर होते. आता नुसतेच आबासाहेब होते, पण तालुक्यात त्यांचं नाव पत्रिकेत छापल्याशिवाय कोणी लग्न काढत नसे. आज दाट तिथी होती. युसूफ वडगावपासून सिरसाळ्यापर्यंत अकरा लग्नं होती, आणि प्रत्येक ठिकाणी आबासाहेबांनी दोन शब्द बोलून अक्षता टाकायच्या होत्या.

"काय मारलंस रे हे?" त्रिंबकने विचारलं.

"मोबाईलवरून मागवलंय. डबा हलवायचा आन फवारायचं. दोन मिनिटात काम." हनुमान सव्वीस वर्षांचा होता आणि त्याचं प्रत्येक काम दोन मिनिटांत व्हायचं. "तुमी अजून फडकंच घासताय व्हय?"

त्रिंबक फडकंच घासत होता. त्याचं पॉलिश तो घरून बाटलीत भरून आणायचा आणि बाटलीत काय आहे ते एकोणीस वर्षांत त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. आधी ब्रशने लावायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. टायर चमकायचा नाही. तो शांत काळा दिसायचा, नव्यासारखा. लग्नाच्या मंडपात लोक नवरी बघतात, बाहेर ड्रायव्हर लोक एकमेकांचे टायर बघतात, आणि गेली एकोणीस वर्षं ते त्रिंबकचे बघत आले होते.

वाहेद पाईप गुंडाळत आला. साठीचा माणूस, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्याने दोन्ही गाड्यांना एकेक फेरी मारली.

"दिसायला हनुमानचं भारी हाय," तो म्हणाला. "खोटं कावून बोलू? पर दिसणं येगळं आन टिकणं येगळं, त्रिंबकभाऊ. आज दोघांचा रस्ता एकच हाय. धूळ एकच, ऊन एकच. संध्याकाळी इथंच या. मग सांगतो."

"बघूच की," त्रिंबक म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याला टायरचं एवढं नव्हतं. नवी गाडी यायच्या आधी आबासाहेब दहा वेळा म्हणाले होते, "त्रिंबक, नवी आली की स्टेअरिंगवर तूच." गाडी आली ती बिनगिअरची. आबासाहेबांचा मुलगा, सगळे त्याला भैय्या म्हणत, तो म्हणाला, "काकांना जमायची न्हाई," आणि त्याने सिरसाळ्याहून हनुमानला आणलं. आबासाहेबांनी ते चालवून घेतलं. त्रिंबकनेही मूग गिळले, कारण एक गोष्ट अजून त्याची होती. आबासाहेब अजून जुन्याच गाडीत बसत होते. पुढे, डाव्या बाजूला, त्रिंबकच्या शेजारी. नव्या गाडीतून भैय्या फिरायचा. ती शेजारची सीट जोवर आपल्याकडे आहे तोवर नवी गाडी सोन्याची असली तरी खुशाल असू दे, असं तो बायकोला, चंद्रभागाबाईला सांगायचा. ती म्हणायची, "मग तिच्याकडं सारखं बघता कावून?"

पहिली चार लग्नं झरझर झाली. पुढे जुनी गाडी, मागे नवी. प्रत्येक मंडपापाशी आबासाहेब उतरून आत गेले की त्रिंबक सहज पाय मोकळे केल्यासारखा नव्या गाडीकडे जायचा. दुसऱ्या लग्नाला फुफाटा त्या ओल्या टायरला चिकटायला लागला. चौथ्याला टायर भाकरीच्या पिठात लोळवल्यासारखे झाले आणि दाराच्या पांढऱ्या रंगावर काळे बारीक ठिपके उडालेले दिसले. पॉलिश जाड मारलं आणि पुसलं नाही की चाकाबरोबर ते उडतंच. हे त्रिंबकला सकाळीच माहीत होतं. त्याने सांगितलं नव्हतं.

"काय रे हनुमान, गाडीला गोवर निघाला वाटतं," तो म्हणाला.

उभे असलेले बाकीचे ड्रायव्हर हसले. हनुमानने रुमाल थुंकीने ओला करून ठिपके पुसायला सुरुवात केली आणि ते पसरले. त्रिंबकला इतका आनंद झाला की त्याने पाचव्या लग्नात दोन वेळा मठ्ठा मागून घेतला.

सातवं लग्न सिरसाळ्याच्या अलीकडे एका वस्तीवर होतं. धूळ बसावी म्हणून यजमानाने मंडपासमोर टँकरने पाणी मारून ठेवलं होतं. मारलं म्हणजे ओतलंच होतं. पन्नास पावलांचा नुसता राडा झाला होता. त्रिंबकने अलीकडेच ब्रेक लावला. त्याचं पॉलिश उन्हाला भीत नव्हतं, धुळीला भीत नव्हतं. ते पाण्याला भ्यायचं. त्या चिखलातून एकदा गाडी गेली असती तर चारही टायर राखेसारखे झाले असते, आणि संध्याकाळ अजून लांब होती.

"आत घे की गाडी," आबासाहेब म्हणाले.

"चिखल हाय साहेब. तुमच्या जोड्याला लागंल."

आबासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "आन चालत गेल्यावर लागणार न्हाई व्हय?"

त्रिंबकने हँडब्रेक ओढला. आबासाहेब उतरले. त्यांचा उजवा गुडघा वर्षभरापासून दुखत होता. धोतराचा सोगा एका हाताने वर धरून, कोणाच्या तरी खांद्यावर दुसरा हात टाकून ते बेचाळीस डिग्रीच्या उन्हात त्या राड्यातून एकेक पाऊल टाकत गेले. त्रिंबकला वाईट वाटलं. पण त्याने आधी टायर पाहिले.

वीस मिनिटांनी अक्षता पडल्या. त्रिंबकने डावं दार उघडलं, सीट फडक्याने पुसली आणि तो दाराशी उभा राहिला. तेवढ्यात नवी गाडी त्याच्या शेजारून सरळ चिखलात शिरली, फचाफच पाणी उडवत मंडपाच्या कमानीला जाऊन टेकली. हनुमान उडी मारून उतरला आणि त्याने दार उघडलं. भैय्या मित्रांच्या पंगतीत बसला होता, त्यामुळे पुढची सीट मोकळी होती. आबासाहेब कमानीतून बाहेर आले, समोर दार उघडं दिसलं, ते बसले. त्यात मान-अपमान काही नव्हता. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला जवळचं दार बरं वाटतं, एवढंच.

गाडी जुन्या गाडीशेजारून गेली तेव्हा आबासाहेबांनी काचेतून हात केला. मागून ये, असा.

उघडं दार धरून त्रिंबक उभाच होता. नाकापेक्षा मोती जड झाला होता आणि तो त्यानेच घडवला होता.

आठव्या लग्नापासून पुढे नवी गाडी, मागे जुनी. भैय्या जेवून आला आणि जुन्या गाडीत मागच्या सीटवर मोबाईल घेऊन आडवा झाला.

"काका, एसी लावा की."

"लावलाय."

"मग गार कावून लागंना?"

त्रिंबकचं लक्ष पुढच्या गाडीच्या मागच्या काचेकडे होतं. आबासाहेबांचे खांदे हलत होते. ते हसत होते. हनुमान काहीतरी सांगत होता, एक हात हवेत फिरवत, आणि आबासाहेब हसत होते. एकोणीस वर्षांत आबासाहेब त्रिंबकच्या शेजारी घोरले होते, फोनवर भांडले होते, निवडणूक हरल्यावर एकदा रडलेही होते. हसले नव्हते. त्रिंबकला वाटायचं ते हसणाऱ्यातले नाहीतच.

तो जळला. यापेक्षा बरा शब्द नाही. नवव्या लग्नात जळला, दहाव्यात जळला, अकराव्यात जिलबी खाताना जळला. शेजारी असलेल्या रिकाम्या सीटवर कोणीतरी अक्षतांची पुरचुंडी टाकली होती, ती वळणावर इकडून तिकडे घरंगळत होती.

दिवस कलताना दोन्ही गाड्या वाहेदकडे आल्या. आबासाहेब आणि भैय्या बंगल्यावर उतरून गेले होते. वाहेदने चष्मा लावला आणि आठही टायर उकिडवं बसून पाहिले. हनुमानच्या टायरवरचा चिखल त्याने एका ठिकाणी धुऊन काढला. खाली चमक अजून होती, पण तपकिरी पडली होती. दारावरच्या ठिपक्यांना त्याने नख लावून बघितलं.

"टिकलं त्रिंबकभाऊचं," तो म्हणाला. "सकाळी होतं तसं हाय. पर एक सांगतो, राग मानू नका. पाण्यात तुमचं टिकलं असं न्हाई. तुमी पाण्यात गेलाच न्हाई."

"जिंकलो का न्हाई ते सांग," त्रिंबक म्हणाला.

"जिंकलात की. जिंकलात."

अजान झाली. वाहेद पायजमा सारखा करून हात-तोंड धुवायला गेला. हनुमान जवळ आला. त्याच्या तोंडावर हरल्याचं काही नव्हतं, याचाच त्रिंबकला जास्त राग आला.

"काका, मला सांगा की काय लावता ते. दारावर हे असं उडलं आन साहेबांच्या धोतराला लागलं तर माझी काय धडगत हाय? आता रोज बसणार म्हणले ते. गुडघ्याला बरं पडतंय म्हणले."

"रोज?"

"व्हय. उद्या सकाळी बीडला डॉक्टरकडं जायचंय. सातला."

त्रिंबकने वाहेद गेला त्या दिशेला पाहिलं. मग म्हणाला, "निम्मं डिझेल, निम्मं जळकं ऑइल. चांगलं जाड लावायचं. रातभर मुरू द्यायचं."

"एवढंच?"

"एवढंच. कुणाला सांगू नको."

"न्हाई काका. तुमच्या पाया पडतो," असं म्हणून हनुमान खरोखरच वाकला.

घरी चंद्रभागाबाईने ताट वाढलं. "जिंकलात म्हणं. वाहेदभाईच्या घरच्या रहेमतबी भेटल्या नळावर." त्याने भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली. डिझेल रबर खातं. पहिले आठ दिवस टायर झकास दिसतो, मग फुगतो, मग बाजूने चिरा पडायला लागतात. कोणाला कळतही नाही. आणि मग एखाद्या दिवशी बीडच्या वाटेवर मांजरसुंब्याच्या घाटात, शंभराच्या वेगात... हनुमान हळू चालवणाऱ्यातला नव्हता. आणि डाव्या बाजूला कोण बसलेलं असणार होतं?

"सकाळी लौकर उठव," तो म्हणाला.

सहाला तो बंगल्यावर होता. पोर्चमध्ये नवी गाडी उभी होती आणि तिचे टायर दृष्ट लागावी असे दिसत होते. हनुमानने सांगितल्याप्रमाणे केलं होतं, अगदी कोनाकोपऱ्यातसुद्धा. त्रिंबकने बादलीत धुण्याची पावडर कालवली, चपला काढल्या, पँट दुमडली आणि ब्रश घेऊन फरशीवर गुडघे टेकले. ऑइल सहजासहजी निघत नव्हतं. एका चाकाला दहा मिनिटं लागत होती. तिसरं चाक धुऊन झालं तेव्हा मागच्या खोलीतून हनुमान चहाचा कप घेऊन आला.

"काका! काय करताय? तासभर बसून लावलंय मी."

"काढतोय."

"कावून?"

"डिझेलनं टायर चिरतं. चार महिन्यात कामातून जातंय." त्रिंबकने ब्रश थांबवला नाही. "मला ठाव होतं."

हनुमानला कळायला वेळ लागला. "मग सांगितलं कावून तसं?"

"तुज्या शेजारी साहेब बसले म्हणून."

हनुमानने कप फरशीवर ठेवला. शिवी दिली असती तर त्रिंबकने ऐकून घेतली असती.

"ग्लिसरीन हाय ते," त्रिंबक म्हणाला. "मेडिकलात मिळतंय. निम्मं पाणी घालायचं. आन लावल्यावर कोरड्या फडक्यानं पुसायचं. पुसण्यातच हाय सगळं."

पोर्चचं दार उघडलं. आबासाहेब काठी टेकत बाहेर आले. गुडघ्यावर पट्टा होता. त्यांनी फेसात बसलेला त्रिंबक पाहिला, चकचकीत धुतलेली चाकं पाहिली आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"हे बेस केलंस, त्रिंबक. रातभर माज्या मनात हेच हुतं, तुजं काय करावं. जुनी गाडी विकायचं म्हणतोय भैय्या. आता तू असं कर, गाडीचं धुणं-पुसणं तूच बघ. तुज्यासारखा हात न्हाई कुणाचा."

"साहेब, काका तर..." हनुमानने तोंड उघडलं.

"दोन मिनिटं, साहेब," त्रिंबक मोठ्याने म्हणाला. "एक चाक राहिलंय. तुमी बसून घ्या."

आबासाहेब पुढे डावीकडे बसले. राहिलेलं चाक तेच होतं, त्यांच्या दाराला लागून असलेलं. त्रिंबकने ते इतर तिन्ही चाकांसारखंच धुतलं. कडा धुतल्या, खाचा धुतल्या, पाणी मारलं, फडक्याने पुसलं. वरून आबासाहेबांचा डॉक्टरशी चाललेला फोन ऐकू येत होता. मग तो बाजूला झाला आणि हनुमानकडे न बघता म्हणाला, "हं. घे आता. घाटात हळू."

गाडी गेटातून बाहेर पडली. फरशीवर चार चाकांच्या ओल्या रेघा उमटल्या होत्या, गेटापर्यंत सरळ. त्रिंबकने नळ बंद केला. मग फडकं घट्ट पिळून दोरीवर वाळत घातलं, कडेला कडा जुळवून, रोजच्यासारखं.