धूर, ओली दोरी, मीठ

आमच्या गटाचं नाव 'आज पेल्यात काय'. माणसं चार. मी लिफ्ट दुरुस्त करतो, एक औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई, एक वकील आणि माझे सासरे. हो, सासरे. सासऱ्यांबरोबर व्हिस्की पितो म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. पण आम्ही एकत्र बसत नाही. जो तो संध्याकाळी ठरवलेली एकच व्हिस्की घेऊन आपापल्या घरी बसतो, पेल्याचा फोटो गटावर टाकतो, वास कसा, चव कशी ते दोन ओळींत लिहितो आणि जेवायला उठतो. दुसरा पेग घेतला तर तो लिहायचा नाही असा काही नियम नाही, पण आजवर कुणी लिहिलेला नाही.

सासऱ्यांना गटात सगळे 'नाक' म्हणतात. साबणाच्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला. नवी वडी आधी त्यांच्या नाकाखालून जायची, मग बाजारात. त्यामुळे व्हिस्कीच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. खरं तर पहिला. ते लिहीपर्यंत कुणी लिहायचंच नाही, हे कुणी न ठरवता ठरून गेलेलं. ते म्हणाले मध, की वकील म्हणणार, "मध! अगदी हाच शब्द शोधत होतो." बाई म्हणणार, "हो, हो, मध." मीही काही वेगळा नाही. एकदा मी हिंमत करून त्यांच्या आधी 'संत्र्याची साल' असं लिहिलं, तर गटावर सगळ्यांसमोर उत्तर आलं, "जावईबापू, दिवसभर ग्रीसमध्ये हात. गाढवाला गुळाची चव काय?" खाली वकिलाची हसून लोळणारी तीन तोंडं. लग्न झाल्यापासून हे असंच चालू आहे. नाकावर माशी बसू देत नाहीत आमचे सासरे.

दर शनिवारी आमचा आंधळा पेला असतो. ज्याची पाळी तो एक बाटली आणतो, छोट्या छोट्या बाटल्यांत ओततो आणि नाव न सांगता सकाळी घरोघरी पोचवतो. संध्याकाळी सातला सगळ्यांनी एकदम उघडायच्या, ओळखायचं, लिहायचं. आठला आणणाऱ्यानं नाव फोडायचं.

त्या शनिवारी पाळी माझी होती. मला धुराच्या वासाची व्हिस्की आवडते, विझवलेल्या कोळशासारखी, आणि हे सासऱ्यांना पक्कं ठाऊक. म्हणून या खेपेला मी मुद्दाम गोडसर, मधाळ, धुराचा मागमूस नसलेली बाटली आणली. त्यांना एकदा तरी तोंडघशी पाडायचं होतं. खोटं कशाला बोलू?

आता आमच्या छोट्या बाटल्या होत्या वकिलाकडे, आणि वकिलाकडून वस्तू परत मिळवायची तर दुसरा वकील करावा लागतो. बायको घरी ऑर्डरचे केक करते. तिच्या कपाटात रिकाम्या बाटल्यांची फौज, 'कधीतरी लागतील' म्हणून ठेवलेली. त्यातल्या चार उचलल्या, गरम पाण्यानं, साबणानं घासल्या, वाळवल्या, तीन भरल्या आणि पोचवून आलो. चौथी उरली ती ओट्यावरच ठेवली. मला स्वतःला वेगळी बाटली कशाला? मी मोठीतूनच ओतून घेणार.

सात वाजले. मी पेला घेऊन खुर्चीत बसलो आणि फोन समोर धरला. नाकाचा संदेश आला.

"धूर. रात्री विझलेल्या शेकोटीचा. मागे ओली दोरी. शेवटी मीठ."

मला आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. धूर! त्या बाटलीत धूर असेल तर माझ्या आंघोळीच्या साबणातही असेल. तेवढ्यात बाईंचं आलं, बहुतेक दोघांनी एकाच वेळी टाइप केलं असावं, "मला तर चक्क केळं लागतंय. केकमध्ये घालतात तसलं." मी वाचतोय न वाचतोय तोच त्यांनी ते पुसून टाकलं. मिनिटभरानं नवीन आलं, "धूर. हो. सौम्य आहे पण आहे." आणि वकील तर काय, री ओढायला बसलेलेच, "दोरी! वा! ओली दोरी अगदी स्पष्ट!"

"अगं, इकडे ये, इकडे ये," मी बायकोला हाक मारली. "तुझे बाबा आपटले. चांगले दणकून आपटले."

ती पिठाचे हात घेऊनच आली. मी सगळं वाचून दाखवलं. पुसलेल्या केळ्याचंही सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "बाटल्या कुठल्या घेतल्या होत्यात?"

"तुझ्या कपाटातल्या. घासून घेतल्या हां. उगाच बोलायचं नाही."

ती ओट्याकडे गेली, उरलेल्या बाटलीचं झाकण काढलं आणि तिनं मानच मागे घेतली. मग बाटली माझ्या नाकाखाली धरली. केळं! बाटली घासली होती, पण झाकणाच्या आतल्या चकतीत केकमध्ये घालायचा केळ्याचा इसेन्स असा मुरला होता की धुऊन काय, जाळूनही गेला नसता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझी महागाची व्हिस्की त्या झाकणांखाली बसलेली. वकिलासमोर केक दरवळत होता आणि त्यांना दोरी स्पष्ट होती! मी हसून हसून खुर्चीत दुमडलो.

"पुरे," बायको म्हणाली. "बाबांना हे कळलं नाही?"

"नाही ना! तेच तर सांगतोय."

"अहो, बाबांना. दोन खोल्या पलीकडे कुणी संत्रं सोललं तर ते आंबट आहे का गोड ते सांगणाऱ्या माझ्या बाबांना."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. ती हात पुसता पुसता बोलत होती. मागच्या आठवड्यात ती गेली तेव्हा त्यांनी तिला चहा दिला, दूध नासलेलं. तिला वाटलं, वय झालं, लक्ष नसेल, कशाला बोलून दाखवा. आठवलं तसं तिनं चप्पल घातली. मी म्हटलं, आठला नाव फोडायचंय, तेवढं झालं की निघू. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी फोन खिशात टाकला आणि निघालो.

सासरे दोन गल्ल्या सोडून राहतात, एकटेच, तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्या इमारतीची लिफ्ट माझ्याच हाताखालची, त्यामुळे बंद होती असं म्हणायची सोय नाही. वर पोचलो, घंटेला हात लावणार तोच बायकोनं माझं मनगट पकडलं. दाराच्या फटीतून गॅसचा वास येत होता.

तिनं दार धडाधडा वाजवलं. सासऱ्यांनी उघडलं. एका हातात पेला, चेहरा खुशीत. "या, या, जावईबापू! नाव फोडायला घरीच आलात? अंधारात उभे का, थांबा, दिवा लावतो."

"बाबा, बटणाला हात लावू नका!" बायको ओरडली आणि त्यांना बाजूला सारून आत पळाली. मी खिडक्यांकडे धावलो. भपकारा असा होता की डोळ्यांत पाणी आलं. शेगडीवर दुधाचं भांडं, दूध उतू जाऊन खाली पसरलेलं, त्यात आच विझलेली आणि बटण पूर्ण उघडं. बायकोनं ते बंद केलं, सिलिंडरचंही बंद केलं. मी गॅलरीचं दार सताड उघडलं, जिन्याकडचं उघडंच ठेवलं आणि दोघांना ओढून गॅलरीत नेलं. हे सगळं होईपर्यंत सासरे हातात पेला धरून तसेच. काय चाललंय ते त्यांना कळतच नव्हतं.

"काय झालं?" ते म्हणाले.

"गॅस, बाबा. सगळं घर भरलं होतं," बायको म्हणाली. "तुम्ही आत बसला होतात."

त्यांनी नाक वर करून वास घेतला. एकदा. मग पुन्हा एकदा, जोरात. मी त्यांच्याकडे बघत होतो. मग त्यांनी पेला कठड्यावर ठेवला आणि गॅलरीतल्या स्टुलावर बसले. लग्नापासून मी या माणसाला हरवायला बघत होतो, आणि आता त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"कधीपासून?" बायकोनं विचारलं.

"तो ताप आला होता ना मला, पावसाळ्याआधी. ताप गेला, जाताना हेही घेऊन गेला."

"चार महिने! चार महिने होऊन गेले, बाबा! तोंडातून एक शब्द नाही. डॉक्टरला दाखवलं? नाही ना? आज आम्ही आलो नसतो तर?" ती रडत होती आणि रागावत होती, दोन्ही एकदम. "आणि गटावर मात्र रोज धूर काय, दोरी काय!"

"अंदाजपंचे," ते म्हणाले. "जावयाची पाळी म्हणजे धूर. बाईंची असली तर फळं. वकिलाची असली तर स्वस्तातली."

मला वाटलं, इथे काहीतरी चांगलं बोलावं. माझा फोन खिशात गुरगुरत होता. आठ वाजून गेले होते आणि वकील विचारत होते, "जावईबापू, नाव? धुराची कुठली?" मी म्हटलं, "बाबा, काळजी करू नका. मी लिहितो की धुराचीच होती. नाव काहीही सांगतो. कुणाला कळणार नाही."

"खबरदार!"

एवढ्या मोठ्यानं ओरडले की खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणीतरी वर बघितलं.

"कुणाला कळणार नाही, हे मला सांगताय? मला?" ते उठून उभे राहिले. "पहिले दोन आठवडे लपवलं, कबूल. लाज वाटली. आयुष्यभर ज्याच्यावर जेवलो तेच गेलं, आता मी कोण, असं झालं. मग वाटलं, कळेलच. चार लोक तीच दारू पितायत, मी आंधळेपणानं काहीही ठोकतोय, कुणीतरी म्हणेल ना, अहो, चुकताय! कुणी नाही. म्हणून मुद्दाम वाटेल ते लिहायला लागलो. ओला कुत्रा लिहिलं मी मागच्या महिन्यात. ओला कुत्रा, जावईबापू! तुम्ही काय लिहिलंत?"

मला आठवत होतं. मी लिहिलं होतं, 'वा, बाबा.'

"रोज संध्याकाळी तुमची उत्तरं वाचत बसायचो. आज तरी कुणी विचारेल, बाबा, बरे आहात ना? सगळे हो ला हो. चार महिने मी इथे एकटाच पितोय. तुम्ही कुणी नव्हताच तिथे."

नासक्या दुधाचा तो चहा बायको मुकाट प्यायली होती आणि कप धुऊन ठेवून आली होती. "चुकलं, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मला परत दिला आणि म्हणाले, "लिहा. मी सांगतो तसंच. 'नाक चार महिने बंद आहे. मला कसलाही वास येत नाही. आज धूर होता का?'"

मी लिहिलं. शेवटी 'नाक' अशी सही करवेना, म्हणून नाव टाकलंच नाही. पाठवलं. वकील टाइप करतायत असं दिसलं, थांबले, पुन्हा दिसलं, पुन्हा थांबले. जन्मात पहिल्यांदा वकिलाला शब्द सापडत नव्हते.

मग फोनच वाजला. बाई. मी सासऱ्यांनाही ऐकू येईल असा आवाज मोठा केला.

"अहो नाकसाहेब," बाई म्हणाल्या, आणि त्यांचाच आवाज चिरकला. "नव्हता हो धूर. मी लिहिलं होतं, आणि मीच पुसलं."

"काय लिहिलं होतंत?"

"वेड्यासारखं काहीतरी."

"बाई, काय लिहिलं होतंत?"

"केळं."

"मग पुसलंत का?"

"तुम्ही धूर म्हणालात म्हणून."

सासऱ्यांनी कठड्यावरचा पेला उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मी जवळच होतो, मला तर तिथूनसुद्धा केळं येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही.

"कसलं केळं?" त्यांनी विचारलं. "पिकलेलं?"

"जास्तच पिकलेलं. साल काळी पडते ना, तसं. आणि वर साखर."

"मग?"

"मग... थांबा हं, पुन्हा वास घेते." पलीकडून पेला हलल्याचा आवाज आला. "खाली कुठेतरी मध आहे. थोडं लाकूड. मला नीट सांगता येत नाही हो, तुमच्यासारखं."

"येतंय," सासरे म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच होते. बायकोनं मागून येऊन त्यांच्या दंडाला धरलं. "येतंय की. सांगा. सगळं सांगा, बाई, मी ऐकतोय."