दमसास

"ताई, थांबू नका! भिंतीला हात लावा अन् वळा!"

काठावरून सुदर्शन ओरडला, पण कालिंदीच्या छातीचा भाता झाला होता. तिनं कडेची दांडी पकडली आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत राहिली.

"आज नाही जमत रे."

तलावावर पोहायला शिकवणारा सुदर्शन तिच्यासमोर उकिडवा बसला. "सावकाश जमंल. पण दर फेरीला थांबलात तर दम वाढायचा नाय. तुमच्या वयाला आठवड्याला दोन-अडीच किलोमीटर लई झालं. तीन दिवसांत वाटून घ्या, पण सलग पोहा. बोलताना जरा धाप लागंल एवढाच जोर लावा. सध्या तुमचा आठवडा एक किलोमीटरावर अडकलाय."

"मग रोज येते ना मी."

"नगं. एकदम वाढवलं तर खांदा धरंल, अन् मग सगळंच बसंल."

जूनमध्ये डॉक्टरांची चाचणी आहे एवढं त्याला ठाऊक होतं. तोवर होईल का, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. उत्तराच्या भीतीनं तिनं विचारलं नाही.

कालिंदी लासूर स्टेशनच्या शाळेत शिक्षिका होती. शहरातून रोज बसनं ये-जा करायची. धाकटा भाऊ देवेश दोन वर्षांपासून डायलिसिसवर होता. तिची किडनी त्याला जुळली होती. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, "वजन उतरवा, दम वाढवा. जूनमध्ये ट्रेडमिलवर बघू. तुमच्या जिवाला धोका दिसला तर मी ऑपरेशन करणार नाही." गुडघे झिजलेले, त्यामुळं भराभर चालणं होत नव्हतं. लहानपणी सोयगावला मामाच्या विहिरीत शिकलेलं पोहणं तेवढं हातात होतं.

पण ते साल दुष्काळाचं. जायकवाडी धरण तळाला गेलेलं. बीड बायपासलगत इमारती भराभर उठल्या होत्या, पाइपलाइन मात्र तिथवर आली नव्हती. कालिंदीची सोसायटीही टँकरवरच. एका सकाळी जिन्यात शेजारच्या गोजरबाईंनी तिचे ओले केस पाहिले.

"पोहून आलात व्हय? मजा हाय बाई. आमच्याकडं भांडी विसळायला पाणी नाय."

आपल्या आजाराची चर्चा देवेशला आवडत नसे. म्हणून कालिंदी कारण न सांगता घरात गेली. त्या दिवसापासून पोहण्याचे कपडे ती भाजीच्या पिशवीत लपवून नेऊ लागली आणि केस वाळेपर्यंत क्रांती चौकात थांबू लागली. वर्गात फळ्यावर लिहितानाही तिचं मन अंतर मोजत असायचं.

एप्रिल महिन्यात ती दीड किलोमीटरावर आली. त्याच आठवड्यात, ती पाण्यातून बाहेर येत असताना फोन वाजला. देवेशची बायको नीरजा रडत होती.

"ताई, हॉस्पिटलचा टँकर आलाच नाही. मशीनला पाणी नाही म्हणून यांचं डायलिसिस उद्यावर ढकललंय. पाय सुजलेत हो, धड झोपताही येत नाही."

तलावाच्या फाटकात तेव्हाच एक टँकर उभा राहिला होता. घटलेली पातळी भरून काढायला मालकानं मागवलेला. ड्रायव्हर कडुबा पाइप सोडायच्या तयारीत होता. कालिंदी टॉवेल गुंडाळून तशीच धावली.

"दादा, पाणी प्यायचं आहे ना हे?"

"व्हय. विहिरीचं हाय, चांगलं हाय."

"मग इथं ओतू नका. हॉस्पिटलला न्या. तिथं गाळून वापरतात. माझा भाऊ आहे तिथं."

कडुबानं सुदर्शनकडं पाहिलं. सुदर्शननं मालकाला फोन लावला, बराच वेळ अजिजी केली. फोन ठेवून तो कालिंदीजवळ आला.

"मालक हो म्हणले. पण उद्यापासून तलाव बंद. पाणी कमी पडलं की गाळायचं यंत्र चालत नाय. ताई, तुमची चाचणी?"

"बघू नंतर. आधी हे जाऊ दे."

टँकर वळला. ओल्या पायांनी कालिंदी फाटकात उभी राहिली. गाडी दिसेनाशी झाल्यावर ती आत वळली. संध्याकाळी देवेशचं डायलिसिस झालं. सूज उतरली. तलावाचं तिनं त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती लासूरच्या अलीकडच्या फाट्यावर उतरू लागली. तिथून शाळेपर्यंत धाप लागेल अशा चालीनं चालायची. पोरं सायकलवरून वळून बघायची. गुडघे सुजले, मधल्या सुट्टीत ती ओला रुमाल बांधून बसायची आणि घंटा झाली की उठायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली तरी चालणं तिनं सोडलं नाही.

जूनमध्ये ती ट्रेडमिलवर चढली. डॉक्टरांनी वेग वाढवला, मग चढ. डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिनं दांडी घट्ट धरली, थांबा म्हणाली नाही. पट्टा थांबला. डॉक्टरांनी आलेख पाहिला.

"काठावर आहात," ते म्हणाले. "पण चालेल. तारीख काढू."

तिला खाली उतरता येईना. सिस्टरनं चाकाची खुर्ची आणली. "नको," म्हणून ती भिंतीच्या आधारानं बाहेर आली. बाकावर देवेश होता. तिला लंगडताना बघून तो उठला, तिला बसवलं.

"ताई, काय म्हणाले?"

"तारीख देतायत."

तो बहिणीचे कोरडे पडलेले ओठ पाहत राहिला. मग त्यानं खिशातून छोटी बाटली काढली. दिवसभरात त्याला तेवढंच पाणी चालत असे. झाकण उघडून त्यानं बाटली तिच्यापुढं धरली.

"अरे, तुझं आहे ते."

"घे गं."

कालिंदीनं एकच घोट घेतला, तोंडात थोडा वेळ धरला आणि झाकण घट्ट लावून बाटली त्याच्या हातात दिली.