प्रणयसाठी उभं राहणारा

प्रणयचं पत्र आलं तेव्हा सोसायटीत दिवाळीचे कंदील लागले होते. आता कंदील उतरले, समोरच्या इमारतीत कुणीतरी नाताळची चांदणीसुद्धा टांगली, तरी शांतवनरावांचं उत्तर गेलं नव्हतं. ते लिहायला बसतच नव्हते असं नाही. रोज बसायचे. पानभर लिहायचे, वाचायचे आणि फाडायचे.

प्रणय त्यांचा संडे स्कूलचा विद्यार्थी. पुढे मोठा झाल्यावर चर्चमध्ये कीबोर्ड वाजवू लागला आणि त्याच सुमारास प्यायलाही लागला. गेल्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेला तो झिंगून आला, गीत अर्ध्यावर सोडून वेदीच्या कठड्यावर कोसळला आणि सावरायला धावलेल्या पाळकसाहेबांच्याच थोबाडीत त्याने ठेवून दिली. मंडळीने त्याला प्रभुभोजनातून बंद केलं. भाकर आणि द्राक्षरस त्याला मिळेना. मग तोच आपल्या पायांनी कर्जतजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन राहिला. तिथे मोबाइल काढून घेतात, म्हणून पत्र.

त्यात त्याने लिहिलं होतं: 'काका, नाताळच्या प्रभुभोजनाला मला परत घ्यायचं का, ते कमिटी ठरवणार आहे. माझ्यासाठी कोण उभं राहणार ते मला इथल्या ऑफिसातून आधी कळवावं लागतं. तुमचं नाव देऊ? भांडं बिघडलं तर कुंभार माती फेकत नाही, तीच पुन्हा चाकावर घेतो, असं तुम्ही आम्हाला शिकवलंत. ते अजून खरं आहे ना?'

या मंडळीची रीतच तशी होती. बंद केलेल्या माणसाला उपासनेत पुढे बोलावतात. मग मंडळीतलं कुणीतरी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभं राहतं आणि सगळ्यांदेखत म्हणतं, 'याला परत घ्या.' कुणीच उठलं नाही, तर तो आला तसा मागे जाऊन बसतो.

शांतवनरावांची उभी हयात वाशीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. चार माणसांसमोर बोलायची त्यांना पहिल्यापासून भीती. लग्नात त्यांचं 'होय' पहिल्या बाकापर्यंतही पोचलं नव्हतं. पाळकांनी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा सासरेबुवांना घाम फुटला होता. ही भीती काढ म्हणून त्यांनी तरुणपणापासून प्रार्थना केली. भीती जागची हलली नाही. मुलांना कुंभाराचा धडा शिकवताना ते दरवेळी मनात चरकायचे. देव माणसाला नव्याने घडवतो, तर आपल्याला हात लावायला तो विसरला की काय? आणि विसरला असेल, तर कुठल्या तोंडाने या पोराला 'खरं आहे' म्हणून लिहायचं?

म्हणून त्यांनी पुस्तकं काढली. घडवणाऱ्याचा हक्क किती, मातीची इच्छा किती, यावर कोण काय म्हणतं ते वाचू लागले. जितकं वाचत तितकं पत्र लांबत होतं.

रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना फाटकापाशी गाठलं. प्रीतम पाळक वयाने लहान, या मंडळीत नवेच.

"प्रणयसाठी कुणाचं नाव आलं?" शांतवनरावांनी विचारलं.

"कुणाचंच नाही, काका. बुधवारी कमिटी बसतेय. नाव नसेल तर विषय ईस्टरपर्यंत पुढे गेला."

"तुम्हाला काय वाटतं? सुधारलाय तो?"

पाळकांनी नकळत गालावरून हात फिरवला. "मी प्रार्थना करतो. पण खरं सांगू? टेन्शन मलाही आहे. तो परत पडला तर कमिटी मला कच्चा खाईल."

शांतवनरावांना वाटलं होतं, पाळक तरी ठाम काहीतरी सांगतील. ते आणखीच घाबरे होऊन घरी आले.

संध्याकाळी प्रणयची आई दारात उभी राहिली. सुचिता शाळेत क्लार्क होती. नवरा गेल्यापासून एकटीने पोराला वाढवलेलं. चप्पल काढता काढताच म्हणाली, "वहिनी, चहा नको. भाऊंशी बोलायचंय."

"बस तरी," शांतवनरावांच्या पत्नी स्मिताबाई म्हणाल्या. "ते काय, पुस्तकात डोकं घालून बसलेत."

सुचिता बसली नाही. "भाऊ, काल भेटायचा दिवस होता, जाऊन आले. तो रोज ऑफिसात जाऊन विचारतो, काकांचं पत्र आलं का. तिथली पोरं चिडवतात त्याला, तुझ्या काकांचं पेन वाळलं म्हणून. त्याने बॅग भरून ठेवलीय."

"बॅग? कशाला?"

"निघून जायला. तिथे कुणाला बांधून नाही ठेवत. म्हणतो, काकांनाच खात्री नाही, तर मी कुणासाठी थांबू? कसंबसं थांबवून आलेय. मंगळवारपर्यंत पत्र बघतो म्हणाला."

शांतवनरावांनी पुस्तक मिटलं. "दुसऱ्या कुणाचं नाव दे म्हणावं. एखादा बोलणारा माणूस..."

"सांगितलं की! ऐकतोय कुठे?" सुचिताला रडता रडता हसू आलं. "म्हणतो, धीट माणूस शेजारी उभा राहिला तर मीच एकटा कापताना दिसेन. काकांचे पाय कापतात, माझे हात. दोघं मिळून कापू."

स्मिताबाई खुदकन हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला. शांतवनराव हसले नाहीत.

"मी केंद्रात फोन करतो," ते घाईने म्हणाले. "निरोप ठेवतो."

"निरोप मीही ठेवला असता, भाऊ. त्याला तुमच्या हातचं पाहिजे. नाही म्हणायचं असेल तर नाही लिहा. पण लिहा."

ती गेल्यावर त्यांनी टेबलावरची पुस्तकं बाजूला सारली. इतके दिवस आपण काय करत होतो? देवाने हाती घेतलेलं काम पुरं होतंय की नाही, याची तपासणी करत होतो, जसं काही सही आपली लागणार होती. घडवायचा हक्क त्याचा, मोडलेलं पुन्हा उचलायचा हक्कही त्याचाच. प्रणयने हमी मागितली नव्हती. शेजारी जागा मागितली होती. आणि आपलं काय? आपल्याला तो विसरला नसेल, आपण अजून चाकावरच असू, हे त्यांना आजवर सुचलं नव्हतं. सुचलं म्हणून धीर आला असंही नाही. फक्त थांबायला सबब उरली नाही.

"अगं," त्यांनी हाक मारली, "मी उभा राहिलो आणि आवाजच फुटला नाही तर?"

"तर मी मागून ओरडेन," स्मिताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "लिहा आधी."

त्यांनी लिहिलं: 'चि. प्रणय, माझं नाव दे. ते अजून खरं आहे. मला भीती वाटते, तरी खरं आहे. बॅग रिकामी कर. तुझा, शांतवनकाका.' याखाली आणखी एखादं वाक्य घालावं म्हणून पेन कागदाशी गेलं. त्यांनी ते टोपण लावून बाजूला ठेवलं.

सोमवारी नेरूळचं पोस्ट उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर होते. रांगेत त्यांनी पत्ता पुन्हा पुन्हा वाचला, पिनकोड तपासला. तो आजच निघून गेला असेल तर? आला आणि सणाच्या दिवशी पुन्हा कोसळला तर? खिडकीतल्या बाईंनी हात पुढे केला, तरी पाकीट त्यांच्या बोटांतून सुटेना.

"आजोबा, द्या ना. मागे लाइन आहे."

"उद्या पोचेल?"

"कर्जत ना? स्पीड पोस्ट आहे, पोचायला हवं."

"हवं म्हणजे... नक्की?"

"नक्की कसं सांगू?" बाई म्हणाल्या. "पाठवायचं की नाही?"

शांतवनरावांनी पत्त्यावरून शेवटची नजर फिरवली. "पाठवा," ते म्हणाले आणि पाकीट सोडलं. बाईंनी त्यावर पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि मागच्या उघड्या पोत्यात टाकून दिलं.