आरवणारी कोंबडी

खुराड्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. आत एक कोंबडी मान ताणून चक्क आरवत होती आणि बाहेर लोक हात जोडून उभे होते. का, तर महिन्यापूर्वी वारलेली घरची सासू म्हणे तिच्यात शिरली होती.

आत्म्यांशी बोलणाऱ्या बाबांनी घसा खाकरला. "आत्मा सूक्ष्म, लहरी सूक्ष्म, कोंबडीची नाडी अतिसूक्ष्म. हे ज्ञान पुस्तकात सापडायचं नाही." कसं सापडेल? "म्हातारी सांगतेय, सुनेनं मला उपाशी मारलं. म्हणून एकट्या सुनेवर धावून जाते. हिला घराबाहेर काढा."

सुनेच्या पोटऱ्या कोंबडीच्या चोचीनं सोलवटल्या होत्या. तिनंच बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना ती हळूच म्हणाली, "ताई, तान्हीला इथंच ठेवून जा म्हणतात हो."

डॉक्टरीणबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी सुनेच्या नवऱ्याला विचारलं, "आत रोज कोण जातं?"

"हीच. अंडी काढणं हिचं काम."

"आज तुम्ही जा."

तो गेला. कोंबडीनं त्याच्या नडगीचा असा लचका तोडला की टोपली तिथंच टाकून तो बाहेर पळाला. लोक खो खो हसले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, सुटली पोरगी.

"कोंबडीचं एकच अंडाशय कामाचं असतं," त्या म्हणाल्या. "ते आजारानं निकामी झालं की मादीचं संप्रेरक आटतं आणि नराचं वरचढ होतं. मग तुरा वाढतो, ती आरवते, हद्दीत येईल त्याला टोचते. हिनं अंडी द्यायचं कधी थांबवलं?"

"सासूबाई होत्या तेव्हाच," सून म्हणाली. "आरवायलाही तेव्हाच लागली. हिला काय झालंय बघ गं, असं त्याच म्हणाल्या होत्या."

लोकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा मात्र कसले हटतात. "मुलाला का टोचलं? अजून बायकोला घरात ठेवलंय म्हणून."

माना डोलल्या. नवरा नडगी चोळत डॉक्टरीणबाईंजवळ आला. "तुमचं खरंही असेल. पण मग माझी आई पुन्हा गेली म्हणायची."

डॉक्टरीणबाईंना त्याची कीव आली. तेवढ्यात त्यानं बायकोच्या हातातून लेक काढून घेतली. त्या विनवत राहिल्या, कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी त्यांनीच सुनेला माहेरी सोडलं. वाटभर ती रिकाम्या दुपट्याची घडी घालत होती.

कुणाच्या लेकीला घराबाहेर काढण्याआधी एकदा स्वतः खुराड्यात जाऊन या. आणि तुम्हालाही टोचलं, तर त्यातून कळलेलं मान्य करा.